दुबई दीड, इराण दोन, सौदी अडीच : वेळ-तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

काम : रावेर तालुक्यातल्या केळी निर्यात शेडसाठी देशोदेशीच्या वेळा बदलून देणारा तक्ता, भिंतीवर चार घड्याळं, आणि रोज सकाळी छापून निघणारा एक कागद. माल दुबई, मस्कत, दम्माम (सौदी) आणि बंदर अब्बासला (इराण) जातो, कधीमधी रॉटरडॅमला नमुना. न्हावा शेवाचं गेट, कस्टमचा एजंट, ट्रकवाले हे सगळे भारतीय वेळेवर चालतात, तिथे काही बदलायचं नाही.

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

तक्त्याला हात लावण्याआधी सध्या वेळ कशी लिहिली जाते ते पाहिलं. लोडिंगची वही, मेल, व्हॉट्सॲप सगळं चाळलं. "४ वाजता फोन", "सकाळी १० पर्यंत पेपर पाठवा" असंच जिथे तिथे. चार कोणाचे, दहा कोणाचे, ते कुठेच नाही. अर्धे घोळ इथेच होतात, गणितापर्यंत पोचतसुद्धा नाहीत.

पहिला नियम आजपासून : वेळेपुढे गावाचं नाव, आणि दोन्ही वेळा एकाच ओळीत. "१६:०० दुबई = १७:३० भारत". चोवीस तासांची पद्धत. भुसावळ जवळ असल्यामुळे रेल्वेची वेळ वाचायची सवय बहुतेकांना आहेच, वेगळं शिकवावं लागलं नाही.

दुसरा नियम : इंग्रजी आद्याक्षरं बंद. गेल्या आठवड्यातल्या एका मेलमध्ये "१६:०० जीएसटी" असं होतं. ते गल्फ स्टँडर्ड टाइम. हिशेबनिसाने मात्र विचारलं की कर किती टक्के धरायचा. आयएसटी भारताची, इस्राएलची आणि आयर्लंडचीही. सीएसटी अमेरिकेच्या मध्य भागाची आणि चीनचीसुद्धा, आणि आपल्याकडच्या माणसाला सीएसटी म्हटलं की मुंबईचं स्टेशन आठवतं. गावाचं नाव लिहिलं की हा प्रश्न उरत नाही.

"रात्री १२" हेही बंद. शुक्रवारी रात्री १२ म्हणजे शुक्रवार सुरू होतानाचे की संपतानाचे, यावर दोन माणसांची तीन मतं असतात. मुदत असेल तर २३:५९ लिहायचं.

७ ऑक्टोबर

फरकांची यादी केली. मूळ धरलं यूटीसी, म्हणजे ग्रीनिचच्या आसपासची, उन्हाळ्यात न बदलणारी जागतिक वेळ. भारत यूटीसीच्या ५:३० पुढे. दुबई आणि मस्कत ४:०० पुढे. सौदी, कुवेत, कतार, बहारीन, इराक ३:०० पुढे. इराण ३:३० पुढे. मॉस्को ३:००, तिथे २०१४ च्या ऑक्टोबरपासून घड्याळ हलवत नाहीत. तुर्कस्तानही २०१६ पासून कायम ३:०० वर. नेपाळ ५:४५, म्हणजे आपल्याहून पाव तास पुढे.

लोडिंगवाल्यांना हे आकडे पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. त्यांना लागतो भारतापासूनचा फरक, आणि तो मराठीत आयता बसतो : दुबई दीड, इराण दोन, सौदी अडीच. सगळे मागे. जुन्या पाढ्यांतली दिडकी, अडीचकी ज्यांना येत होती त्यांना हसू आलं. रॉटरडॅम उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, म्हणजे औट, थंडीत साडेचार. औटकी कोणाला आठवत नाही, पण शब्द कागदावर ठेवला आहे.

तोंडी हिशेबाची रीत : दीड वजा करताना आधी दोन तास काढायचे, मग अर्धा तास परत द्यायचा. १७:१० मधून दोन गेले १५:१०, अर्धा दिला १५:४०. थेट १:३० वजा करायला गेलं की मिनिटांची उसनवारी चुकते आणि माणूस १६:४० सांगून मोकळा होतो.

९ ऑक्टोबर

एक्सेलमध्ये पहिला मसुदा. एक्सेलच्या लेखी एक दिवस म्हणजे १. एक तास म्हणजे १ भागिले २४. दीड तास ०.०६२५, साडेपाच तास ०.२२९१६७. त्यामुळे वजाबाकी सरळ आहे : भारतीय वेळेच्या रकान्यातून टाइम(१,३०,०) वजा केलं की दुबई.

दोन ठिकाणी अडलं.

एक : रकान्यात नुसती वेळ टाकली, तारीख नाही. ००:४५ मधून दीड तास काढले तर उत्तर शून्याखाली जातं आणि रकान्यात #### येतं. यावर मॉड (भागाकाराची बाकी देणारं फंक्शन) वापरायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने २३:१५ दिसतं खरं, पण ते आदल्या दिवसाचे आहेत हे झाकलं जातं. आपले ट्रक रात्रीच निघतात, म्हणून हा प्रकार रोजचा. मॉड काढून टाकला. तारीख आणि वेळ एकाच रकान्यात, रकान्याचं स्वरूप "वार, दिवस-महिना, तास:मिनिट". सोमवार ००:४५ भारत, रविवार २३:१५ दुबई. वार दिसलाच पाहिजे.

दोन : तारखेचा क्रम. शेडच्या एका लॅपटॉपवर विंडोजचा प्रदेश अमेरिका असा राहिलेला आहे. तिथे ५/११ टाकलं की ११ मे होतं, काही कुरकुर नाही. १३/११ टाकलं की तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल ते मजकूर समजतं. ओळखायची खूण : खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यातल्या काही तारखा डाव्या, काही उजव्या दिसल्या तर उजव्यांवरही विश्वास ठेवू नये, त्यांतले महिने-दिवस उलटलेले असतात. प्रदेश भारत केला आणि तारीख लिहिताना महिना अक्षरात : ५-नोव्हें. गूगल शीट्समध्ये हीच गोष्ट फाइलच्या सेटिंग्जमध्ये असते, आणि तिथेच शीटची वेळही ठरते. कॉम्प्युटर कुठेही असो, "नाऊ" हे फंक्शन त्या शीटच्या सेटिंगप्रमाणे वेळ देतं.

१३ ऑक्टोबर

"फरक" नावाचा रकाना काढून टाकला. आखाती देशांसाठी तो चालला असता, तिथे घड्याळ वर्षभर एकच. रॉटरडॅमसाठी चालत नाही. फरक देशावर ठरतो हे अर्धंच खरं. देश आणि तारीख दोन्ही सांगितल्याशिवाय तो काढता येत नाही.

युरोपचा नियम साधा आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे, आणि सगळीकडे एकाच क्षणी, यूटीसी ०१:०० वाजता. शेवटचा रविवार काढायचं सूत्र : ३१ मार्चमधून त्याच तारखेचा "वीकडे" (वाराचा क्रमांक, रविवार म्हणजे १) वजा, अधिक १. २०२५ साठी ३० मार्च, २०२६ साठी २९ मार्च. ऑक्टोबरसाठी ३१ ऑक्टोबर धरायचा : २६ आणि २५. अमेरिकेसाठी १४ मार्च आणि ७ नोव्हेंबर धरून तेच सूत्र : दुसरा आणि पहिला रविवार मिळतो.

पण सूत्रं लिहीत बसण्यात शहाणपण नाही. इजिप्तने २०२३ मध्ये उन्हाळी वेळ पुन्हा आणली, त्यांचा बदल रविवारी होत नाही. मोरोक्को रमजानपुरतं घड्याळ मागे घेतं, म्हणजे नियम चंद्रावर. इराणने २०२२ नंतर उन्हाळी वेळ सोडली. जॉर्डन आणि सीरियाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायमची ३:०० धरली. कझाकस्तानने १ मार्च २०२४ ला सगळा देश ५:०० वर आणला. लेबनॉनमध्ये २०२३ च्या मार्चमध्ये बदल ऐन वेळी पुढे ढकलला आणि काही दिवस एका देशात दोन वेळा चालल्या. सरकारं निर्णय घेतात, कधी आठवडाभर आधी सांगून. असलं सगळं ज्यात नोंदवलेलं असतं तो टाइम झोन डेटाबेस आयता उपलब्ध आहे, मोबाइल आणि सर्व्हर त्यावरच चालतात. तोच वापरायचा.

त्यात देशाऐवजी शहर असतं : एशिया/कोलकाता, एशिया/दुबई, एशिया/रियाध, एशिया/तेहरान, युरोप/ॲमस्टरडॅम. (मूळ नावं रोमन लिपीत, इथे उच्चाराप्रमाणे.) एशिया/मुंबई शोधू नये, नाही. रॉटरडॅमही नाही, ॲमस्टरडॅम घ्यायचं. यादीत "इटीसी/जीएमटी-४" अशीही नावं दिसतात. त्यांना हात लावू नये, तिथे चिन्ह उलटं आहे : उणे ४ म्हणजे यूटीसीच्या चार तास पुढे. दुबईसाठी कोणी सरळ बुद्धीने अधिक ४ निवडलं तर आठ तासांनी चुकणार.

आजचा निर्णय : सगळ्या वेळा आत यूटीसीत ठेवायच्या, दाखवताना गावाप्रमाणे बदलायच्या. (हा निर्णय २७ तारखेला अर्धा बदलला, तिथे पाहा.)

१५ ऑक्टोबर

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटी स्क्रिप्ट. तिच्या ३.९ आवृत्तीपासून झोनइन्फो (हा डेटाबेस वाचणारा भाग) सोबतच येतं. विंडोजवर मात्र पहिल्याच ओळीला "झोन सापडला नाही" अशी चूक आली. कारण विंडोजमध्ये हा डेटाबेस नसतो, टीझेडडेटा नावाचं पॅकेज वेगळं घालावं लागतं. घातलं, चाललं. ऑक्टोबर २०२५ मधली आवृत्ती २०२५बी. वर्षातून काही वेळा नवी येते, दर महिन्याच्या १ तारखेला अद्ययावत करायचं कॅलेंडरमध्ये टाकलं.

जुन्या एका स्क्रिप्टमध्ये पायटीझेड (याच कामाचं जुनं पॅकेज) वापरलेलं होतं, तिथला दोष पाहण्यासारखा. भारत १६:०० दिले तर दुबई १४:३० यायला हवं, येत होतं १४:०७. तेवीस मिनिटं कुठे गेली?

पायटीझेडचा झोन तारखेला थेट चिकटवला की तो यादीतली सगळ्यात पहिली नोंद घेतो, आणि कोलकात्याची पहिली नोंद आहे तिथली सूर्याची स्थानिक वेळ, ५:५३. एक अंश रेखांश म्हणजे ४ मिनिटं. कोलकाता ८८.४ अंशांच्या आसपास, गुणाकार करून पाहा. आपली ५:३० आली ८२.५ अंशांवरून. ५:५३ मधून ५:३० गेले, तेवीस मिनिटांचा हा फरक. उपाय : झोन चिकटवण्याऐवजी लोकलाइझ वापरणे. आम्ही पायटीझेडच काढलं.

याच हिशेबाने रावेर ७६ अंशांवर, म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे २६ मिनिटं मागे, नंदुरबारचा ३३. शेतात डोक्यावर सूर्य साडेबाराच्या सुमाराला येतो तो यामुळे (वर्षभरात पाव तास इकडेतिकडे होतो, त्याचं कारण वेगळं). १९०६ पासून ५:३० लागू झाली तरी मुंबई १९५५ पर्यंत स्वतःच्या ४:५१ वर अडून होती. चाचणी म्हणून १५ ऑगस्ट १९४३ टाकून पाहिलं तर स्क्रिप्टने भारतासाठी ६:३० सांगितलं. बरोबर आहे, महायुद्धात आपल्याकडेही घड्याळ तासभर पुढे होतं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

भिंतीवर घड्याळं लावली : भारत, दुबई, रियाध, रॉटरडॅम. इराण वगळलं, दोन तास मागे म्हणजे मिनिटकाटा तोच, भारताच्या घड्याळावरून वाचता येतं. चारही एकाच कंपनीची, एकाच वेळी नवे सेल घालून. सेकंदकाटे जुळवायचे असतील तर चारही तयार ठेवून रेडिओच्या किंवा मोबाइलच्या ठोक्यावर एकेक सेल दाबायचा. साध्या क्वार्ट्‌झ घड्याळात महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडतोच, त्यासाठी दर महिन्याला टेबलावर चढायची गरज नाही. मिनिटाचा झाला की बघू.

नावाची पट्टी घड्याळाखाली. काचेवर लावली तर तिथे कोणी तरी पेनाने फरक लिहून ठेवतं, आणि तो उन्हाळ्यातला की थंडीतला हे पुढच्याला कळत नाही.

यूटीसीसाठी पाचवं घड्याळ घ्यायचं का, असा विषय निघाला. गरज नाही. मनगटातलं काट्यांचं घड्याळ काढून उलटं धरा, १२ खाली ६ वर. जे दिसेल ती यूटीसी. दुपारचे ३ वाजलेत : तासकाटा ३ वर, मिनिटकाटा १२ वर. उलटं केलं की तासकाटा ९ च्या जागी, मिनिटकाटा ६ च्या जागी : ०९:३०. अर्ध्या चकतीत तासकाट्याचे सहा तास आणि मिनिटकाट्याची तीस मिनिटं. सहा वजा अर्धा, साडेपाच. तासकाटा थोडा आडबाजूला दिसतो, तेवढं डोळ्याने सांभाळायचं. हे फक्त भारत (आणि श्रीलंका) असल्यामुळे जमतं. अंकी घड्याळाला अर्थातच चालत नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

अर्धा दिवस काम. एका खरेदीदाराकडून तक्रार : कंटेनरमधल्या तापमान लॉगरच्या (तापमान वेळेसकट नोंदवणारं यंत्र) आलेखात पहिली नोंद १६:१५ ची, २४ अंश. कंटेनर सील केल्याची नोंद आपल्याच कागदावर २३:१० ची. म्हणजे माल जवळजवळ सात तास उघड्यावर पडून होता, म्हणून भरपाई द्या.

लोडिंगच्या वहीत लॉगरचं बटण दाबल्याची वेळ २१:४५, कंटेनरचं दार उघडलं २१:५०. वही आणि आलेख यांत बरोबर ५ तास ३० मिनिटांचा फरक. साडेपाच तास दिसले की दुसरं काही शोधण्याआधी यूटीसीचा संशय घ्यावा. अहवालाच्या माथ्यावर बारीक अक्षरात "यूटीसी ०" असं होतंच. तिकडे कोणी ते वाचलं नव्हतं, आणि इकडूनही कधी सांगितलं नव्हतं.

उत्तरात तीन रकाने दिले :

बटण दाबलं : यूटीसी १६:१५, भारत २१:४५, दुबई २०:१५.
दार बंद, सील : यूटीसी १७:४०, भारत २३:१०, दुबई २१:४०.

सात तासांचे झाले १ तास २५ मिनिटं, आणि त्यात पहिला वेळ लॉगर हॉलच्या हवेत असल्याचा. तापमान १८:०० यूटीसीला १४ वर आलेलं आहे. वहीच्या त्या पानाचा फोटो सोबत.

यापुढे : लॉगर यूटीसीवरच ठेवायचा, भारतीय वेळेवर आणायचा नाही. भारतीय वेळेवर आणावा असं सुचवलं गेलं होतं, पण उद्या तोच लॉगर दुबईच्या कॉम्प्युटरला लावला आणि त्याच्या सॉफ्टवेअरने तिथली वेळ धरली तर नवी भानगड. त्याऐवजी प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर मार्करने मोठ्या अक्षरात : "वेळ यूटीसी. भारत = अधिक साडेपाच. दुबई = अधिक चार." बटण दाबण्याची वेळ वहीत लिहिणं सक्तीचं. ती नोंद नसती तर आज सांगायला काही नव्हतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

युरोपचं घड्याळ आज मागे. भारतीय वेळेने सकाळी ०६:३० ला, एका क्षणात. रॉटरडॅमला ०३:०० चे ०२:०० झाले. शेड ८ ला उघडते, तेव्हा रॉटरडॅमच्या घड्याळाचा सेल ०८:०० ला काढला, ०९:०० ला परत घातला. काटे मागे फिरवण्यापेक्षा हे बरं, मिनिट हलत नाही. मार्चमध्ये मात्र काटा पुढे फिरवावा लागेल.

आजच्या दिवशी रॉटरडॅमला ०२:३० दोनदा वाजले. पहिले ०२:३० म्हणजे भारत ०६:००, दुसरे ०२:३० म्हणजे ०७:००. स्क्रिप्टला नुसतं "०२:३०" दिलं तर ती पहिले धरते. दुसरे हवे असतील तर फोल्ड १ द्यावा लागतो. मार्चला उलट : २९ मार्च २०२६ ला तिथे ०२:३० वाजणारच नाहीत. झोनइन्फो त्यावर चूक दाखवत नाही, गुपचूप भारत ०७:०० सांगून मोकळं होतं. पकडायची युक्ती : दिलेली वेळ यूटीसीत न्यायची, परत त्याच गावात आणायची. जशीच्या तशी परतली नाही तर ती वेळ अस्तित्वात नव्हती. ही तपासणी टाकली.

तिसरी खोच : पायथनमध्ये एकाच झोनच्या दोन वेळांची वजाबाकी केली तर ते घड्याळावरचे आकडेच वजा करतं. काल दुपारी १२ ते आज दुपारी १२ रॉटरडॅम, उत्तर २४ तास. प्रत्यक्षात गेले २५. थंड कंटेनर विजेच्या प्लगला किती तास होता याचं बिल तपासताना एक तास उडतो. वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा यूटीसीत न्यायच्या.

२७ ऑक्टोबर

रॉटरडॅमचा दर सोमवारचा फोन, भारत १४:०० = तिथे १०:३०. आज आपण १४:०० ला लावला, तिथे ०९:३०, कोणी जागेवर नाही. त्यांनी १०:३० ला लावला, आपल्याकडे १५:००, आपला माणूस बागेत. स्क्रिप्टनेही १४:००च दाखवलं, कारण तो फोन यूटीसी ०८:३० असा साठवला होता.

१३ तारखेचा "सगळं यूटीसीत" हा निर्णय इथे तोकडा पडला. घडून गेलेली गोष्ट (बटण दाबलं, सील लावलं, जहाज सुटलं) यूटीसीत ठेवावी, ती आता हलत नाही. पुढे ठरलेली गोष्ट मात्र कोणाच्या तरी घड्याळाला बांधलेली असते, आणि मधल्या काळात ते घड्याळ बदलू शकतं. म्हणून ती "सोमवार १०:३०, युरोप/ॲमस्टरडॅम" अशीच साठवायची आणि यूटीसी त्या दिवशी सकाळी काढायची. तक्त्यात नवा रकाना : "घड्याळ कोणाचं". फोन त्यांच्या घड्याळाला बांधला. थंडीत आपले १५:००, उन्हाळ्यात १४:००.

जहाजाच्या वेळापत्रकालाही हेच लागू : येण्या-सुटण्याच्या वेळा त्या त्या बंदराच्या स्थानिक वेळेत छापतात. न्हावा शेवाहून सुटण्याची वेळ भारताची, जेबेल अलीला (दुबईचं बंदर) पोचण्याची दुबईची. दोन्ही सरळ वजा केल्या की प्रवास दीड तासाने कमी दिसतो.

३ नोव्हेंबर

काल अमेरिकेचं घड्याळ मागे गेलं. आपला माल तिकडे नाही, फक्त तपासलं. २६ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या आठवड्यात लंडन-न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार होता, स्क्रिप्टने बरोबर दाखवला.

७ नोव्हेंबर

सकाळचा छापील कागद चुकीच्या तारखेचा निघाला. रात्री वीज गेली होती, इन्व्हर्टरही बसला. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला. बदलला. जोवर इंटरनेट येत नाही तोवर विंडोज वेळ जुळवू शकत नाही, आणि तारीख फार मागे असेल तर सुरक्षित साइट उघडायलाही नकार मिळतो, म्हणून आधी हाताने तारीख घालावी, मग "आपोआप वेळ जुळवा" चालू करावं. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली : आजची तारीख मागच्या छपाईच्या तारखेपेक्षा जुनी असेल तर छापू नये, "घड्याळ तपासा" असं मोठ्या अक्षरात काढावं.

आणखी एक : व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून आला. संदेशापुढची वेळ बघणाऱ्याच्या फोनच्या झोनप्रमाणे दिसते. तोच संदेश आपल्या फोनवर ११:२०, दुबईच्या स्क्रीनशॉटवर ०९:५०. वहीत चिकटवताना स्क्रीनशॉट कुठल्या फोनचा ते शेजारी लिहावं.

१२ नोव्हेंबर

किती फरकाने चुकलं यावरून कारण ओळखायचा कागद लोडिंगच्या टेबलावर काचेखाली ठेवला. यातलं बहुतेक इथेच घडलेलं :

साडेपाच तास : यूटीसीला भारतीय समजलं किंवा उलट.
अकरा तास : साडेपाच मिळवायच्या ऐवजी वजा केले.
दीड तास : दुबईची वेळ बदललीच नाही. तीन तास : बदलली, पण उलट्या दिशेने.
एक तास : उन्हाळी-हिवाळी वेळ.
बारा तास : सकाळ-संध्याकाळ.
तेवीस मिनिटं : पायटीझेड.
बरोबर एक दिवस : मध्यरात्र ओलांडली आणि तारीख बदलली नाही.
महिनाच वेगळा : ५/११.

इराणच्या कागदांसाठी वेगळी टीप. इराण उन्हाळ्यात घड्याळ हलवत नाही, पण अद्ययावत न केलेले जुने फोन मार्च ते सप्टेंबर अजूनही तासभर पुढे जातात. म्हणून उन्हाळ्यात समोरच्याला "तुमच्याकडे आत्ता किती वाजले" असं विचारून घ्यावं. तिथली तारीखही सौर हिजरी असू शकते : १ आबान १४०४ म्हणजे २३ ऑक्टोबर २०२५. आणि अंक. अरबी-फारसी शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर मराठी डोळा पाचाला शून्य वाचतो. वेळ अक्षरात मागवायची.

सुट्ट्या : अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस. सौदी आणि ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार. दम्मामचे कागद गुरुवारी भारत १७:०० नंतर पाठवले तर तिकडे ते रविवारीच उघडले जातील असं धरून चालावं. छापील कागदावर आता वेळेशेजारी "कार्यालय बंद" येतं.

१८ नोव्हेंबर

तक्ता रोजच्या वापरात. उरलेलं :

रमजान २०२६ च्या फेब्रुवारीत, साधारण १८-१९ तारखेला सुरू होईल, चंद्र दिसण्यावर. आखातात घड्याळ हलत नाही, कामाचे तास मात्र कमी होतात. "कार्यालय बंद"च्या वेळा महिनाभरासाठी बदलाव्या लागतील, खरेदीदारांकडून वेळापत्रक जानेवारीत मागवायचं.

रॉटरडॅमच्या घड्याळाच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली : "२९ मार्च २०२६, काटा एक तास पुढे. २५ ऑक्टोबर २०२६, सेल एक तास बाहेर."

रियाधचं घड्याळ दुबईच्या चाळीस सेकंद मागे पडलंय, महिन्यातच. सेल बदलून पाहिला, तरी तेच. ते परत देऊन दुसरं आणायचं आहे.